बारमाही स्वेटर

जून महिन्यात मस्कतच्या गाला भागातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक ऑफिसचं दार उघडलं की दोन पावलं मागे सरकायचं. बाहेर पत्र्याला हात लागला तर कातडी सोलून निघावी असं ऊन, आणि आत टेबलामागे तपकिरी स्वेटर, गळ्यात मफलर आणि डोक्यावर माकडटोपी घातलेला एक म्हातारा इंग्रजी पत्र टाइप करत बसलेला. गिऱ्हाईक चाचरत विचारायचं, "तब्येत बरी नाही का?" म्हातारा चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "तब्येत बरी आहे. मालक बरा नाही. एसी अठरावर ठेवतो."

मालक म्हणजे मी. आणि हा म्हातारा माझ्याकडे नोकरीला होता, माझ्या पगारावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यांच्या तोंडून ऐकलं असतंत तर उलटंच वाटलं असतं.

सगळे त्यांना अंकल म्हणायचे. वसईचे ख्रिस्ती. तिथल्याच एका मोठ्या हॉटेलात त्यांनी उमेदीची वर्षं घालवलेली. पाहुणे आले की कोट-टाय घालून लॉबीत स्वागताला उभं राहायचं हे त्यांचं काम, आणि उभं राहायची जागा नेमकी एसीच्या तोंडाखाली. "इतकी वर्षं त्यांनी माझ्या डोक्यावर थंडी ओतली," ते सांगायचे, "आता ती हाडांत मुक्कामाला आलीय. तिचा व्हिसाच संपत नाही."

हॉटेलातून निवृत्त झाल्यावर ते गावी जायला तयार नव्हते, कारण वसईत डिसेंबर असतो. मला तेव्हा इंग्रजी पत्रं लिहिणारा आणि गिऱ्हाइकाला कामाचा अंदाज काढून देणारा माणूस हवा होता. मी घासाघीस करायला तयारीनिशी बसलो. त्यांनी माझं सगळं मान्य केलं. पगार मान्य, सुट्ट्या मान्य, गुरुवारी उशिरापर्यंत थांबणं मान्य. अट एकच, एसीचा रिमोट त्यांच्या ताब्यात. मी मनात हसलो आणि हात मिळवला. आयुष्यात केलेल्या सौद्यांपैकी हा माझा सगळ्यात आतबट्ट्याचा सौदा.

त्यांनी रिमोटला दोरी बांधली आणि तो गळ्यात घातला, क्रूसाच्या शेजारी. मग मी रुवीच्या बाजारातून दुसरा रिमोट आणला आणि खिशात ठेवला. मी ऑफिसात शिरलो की अठरा, त्यांनी टेबलाखालून बोट दाबलं की सत्तावीस. एसी बिचारा दिवसभर टीं-टीं करायचा. मी तोंडानं शिव्या घालायचो, ते मफलरचा अजून एक वेढा घ्यायचे. त्या वेढ्याचा मला जास्त राग यायचा.

त्यांच्या टेबलाखाली पाय ठेवायला पुठ्ठा असायचा, पुठ्ठ्यावर गोणपाट. पाण्याच्या बाटल्यांचे खोके आले की ते उलगडून, सपाट करून, दोरीनं बांधून कपाटामागे जमा. कुणी एक खोका कचऱ्यात टाकला तर त्या दिवशी पत्रं टाइप व्हायची नाहीत.

आणि उदबत्ती. हा माणूस रविवारी चर्चला जाणारा, पण खिशात कायम उदबत्तीचा पुडा. सकाळी आला की एक पेटवायचा आणि ऑफिसभर फिरायचा. खिडकीच्या कडेनं, दाराच्या फटीपाशी, वायर जिथून भिंतीत शिरते तिथे. वेल्डर पोरं म्हणायची, "अंकल तो हिंदू हो गए." पूजा वगैरे काही नव्हतं. ते धूर बघायचे. धूर सरळ वर गेला तर ठीक, कुठे वाकला तर तिथे भोक. भोक सापडलं की कापूस, रबरपट्टी, चिकटपट्टी, जे हाताला येईल ते त्यात कोंबायचं.

"मालक, जगात थंडी नावाची वस्तूच नाही," ते मला समजवायचे. "भोकं आहेत."

"मग भोकं बुजवलीत की. आता तरी काढा स्वेटर."

"अजून कुठेतरी असणार."

आम्ही दोघं राहायला माबेल्याला, म्हणून त्यांना रोज माझ्याच गाडीतून आणायचं-न्यायचं ही आणखी एक शिक्षा. गाडीत एसी लावायचा नाही. काच उघडायची नाही, कारण वारा कानात जातो. ऑगस्टमध्ये, दुपारी, काचा बंद केलेल्या गाडीतून गाल्यापासून माबेल्यापर्यंत कुणी प्रवास केला असेल तर त्यानं मला येऊन भेटावं, आपण नातेवाईक आहोत. माझ्या हनुवटीवरून घाम स्टिअरिंगवर ठिबकायचा आणि बाजूला हे गृहस्थ गुडूप झोपलेले. एकदा नाक्यावर पोलिसानं वाकून आत बघितलं आणि मला विचारलं, "हॉस्पिटलला नेतोयस का?" मी म्हटलं, "हो. मला."

भांडणं तर रोजची. "उद्यापासून येऊ नका," हे वाक्य मी त्यांना किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या गाडीपाशी हजर, हातात डबा, डोक्यावर टोपी. "काल काय म्हणालात ते ऐकू आलं नाही," म्हणायचे. "टोपी कानांवर होती ना."

आता जे सांगायचंय त्यासाठी माझ्या जुन्या मालकाबद्दल सांगणं भाग आहे.

मी कणकवलीकडून मस्कतला आलो तो डेंटर म्हणून, ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायला. ज्याच्याकडे आलो तो मुंबईचाच, मराठीच. त्याच्याकडे मी ट्रकच्या बॉड्या शिकलो, साइटवरच्या केबिनी शिकलो, सगळं शिकलो. एके दिवशी गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं, दार या बाजूला घेतलं तर जागा वाचेल. त्यावर हा सगळ्या वर्कशॉपसमोर म्हणाला, "तू पत्रा ठोक. डोकं लावायला मी माणसं ठेवली आहेत." मी हातोडी तिथेच खाली ठेवली आणि चालू पडलो. पुढे माझं स्वतःचं वर्कशॉप झालं, त्याच्याच रस्त्यावर. आजही त्याच्या गेटवरून जाताना मी हॉर्न वाजवतो. लांब. का वाजवतो ते त्याला बरोबर माहीत आहे.

तर तेलाचा भाव कोसळला आणि गाल्यात कामं आटली त्या वर्षीची गोष्ट. पोरांना बसवून पगार देणं मला झेपेना. एक तर नवीन मोठं काम मिळायला हवं होतं, नाहीतर निम्म्या पोरांना तिकीट काढून घरी पाठवायला हवं होतं. तेवढ्यात निझवा बाजूचा एक ओमानी अर्बाब, म्हणजे तिकडचा शेठ, ऑफिसात आला. वाळवंटात त्याचे पर्यटकांसाठी तंबू होते. आता त्याला जबल शम्सवर, ओमानातल्या सगळ्यात उंच डोंगरावर, थंडीच्या मोसमात पर्यटक न्यायचे होते आणि तिथे झोपण्यासाठी मोटरहोम हव्या होत्या. अर्धा डझन. झोपायची, जेवायची, धुवायची सोय असलेल्या.

"मुझे गर्मी की गाडी नहीं चाहिए," तो म्हणाला. "उधर जनवरी में पानी जम जाता है."

नमुन्याची एक-एक गाडी दोघांनी बनवायची होती. एक मी, आणि दुसरी, अर्थातच, माझ्या जुन्या मालकानं. जानेवारीत दोन्ही गाड्या डोंगरावर आणायच्या. सूर्य बुडाल्यावर अर्बाबची आई दोन्ही गाड्यांत बसून बघणार, एक निवडून तिच्यात झोपणार, आणि सकाळी ती जे बोलेल ते खरं. म्हातारी त्या डोंगरावरच जन्मलेली, लग्न होऊन निझव्याला उतरली ती गुडघ्यांमुळे परत कधी वर राहायला गेली नव्हती. "मेरी माँ की हड्डी झूठ नहीं बोलती," अर्बाब म्हणाला. अंकलनी लगेच मान डोलावली. हाडांच्या गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा.

गाडी बनवायला घेतली आणि ऑफिसातलं भांडण वर्कशॉपमध्ये आलं. ओमानात आम्ही सगळे एका पद्धतीनं काम करतो. छताला जाड फोम, भिंतींना फोम, तळाला नुसतं प्लायवूड. कारण ऊन वरून येतं. खालून कधी कुणाला ऊन लागलंय?

"तळाला फोम घाला," अंकल म्हणाले.

"गरज नाही."

"थंडी खालून चढते."

"अंकल, हे ओमान आहे."

"गाडी ओमानात नाही, जबल शम्सवर उभी राहणार आहे."

"जबल शम्स ओमानातच आहे!"

"नकाशात," ते म्हणाले आणि टोपी कानांवर ओढून निघून गेले.

मी तळाला फोम घातला नाही. उंची वाढली असती, दार बसलं नसतं. आजही माझं तेच म्हणणं आहे.

उष्णतेसाठी मी एसी घेतला. रुवीतल्या दुकानात गेलो, रिमोट हातात घेतला, त्यावर सूर्याचं चित्र असलेलं बटण होतं. दुकानदाराला विचारलं, "यह गरम हवा का?" तो म्हणाला, "रिमोट में सब है, भाई." मग मी भाव पाडायला घेतला आणि असा पाडला की शेवटी तो चहा पाजायचंही विसरला. अंकल माझ्या मागेच उभे होते. ते पुढे सगळ्यांना सांगायचे की दुकानदार आणखी काहीतरी सांगत होता, पण मालकाच्या कानात फक्त भाव शिरतो. हे साफ खोटं आहे. दुकानदार काहीही सांगत नव्हता.

आमची गाडी पहाडावर पोचली तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. मी मोटरहोम चालवत होतो, मागून ड्रायव्हर पिकअप आणत होता, आणि पिकअपमध्ये अंकल, त्यांच्या सामानासकट. त्या सामानावरून सकाळी माबेल्यात जोरात जुंपली होती. उलगडलेले खोके, गोणपाट, त्यांच्या बायकोनं शिवलेल्या जुन्या साड्यांच्या गोधड्या, ताडपत्री, रबरी पिशव्या. "डोंगरावर चाललोय की पुनर्वसनाला?" मी ओरडलो होतो. अंकल पिकअपमध्ये चढून बसले होते.

जुना मालक आधीच आला होता. त्याची गाडी दरीच्या अगदी कडेला, चारी बाजूंनी काच, आत झुंबर, चामड्याचा सोफा. मान्य करतो, देखणी होती. तो कोट घालून पायरीवर उभा होता. मला बघून म्हणाला, "काय रे, अजून पत्राच ठोकतोस?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझी गाडीसुद्धा दरीच्या तोंडाला लावली, त्याच्याही पुढे. जनरेटर चालू केला, आत जाऊन रिमोट घेतला आणि सूर्याचं बटण दाबलं.

एसी टीं म्हणाला. हवा आली. थंड.

परत दाबलं. आणखी थंड. या देशात इतकी वर्षं काढली, शेकडो एसी बसवले, पण सूर्याचं बटण मी काय, आमच्यातल्या कुणीही कधी दाबलेलं नव्हतं. दाबायची वेळच कुणावर आली नव्हती. इथे विकतात ते बहुतेक एसी नुसते गार करणारे, रिमोट मात्र सगळ्या जगासाठी एकच बनतो, हे मला जबल शम्सवर समजलं. शम्स म्हणजे सूर्य, हे मला अंकलनीच सांगितलं, तेही त्याच वेळी. सांगायला मुहूर्त बरा शोधला.

त्यांनी एसीसमोर हात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अरे वा. माझी लॉबी."

मी दुकानदाराला फोन लावला. रेंज नव्हती. तरी जे बोलायचं ते मी पूर्ण बोललो. मग फोन खिशात ठेवला आणि दगडावर बसलो. खाली दरीत सावली चढत होती. गेलं काम. गाल्यातल्या कुणाकुणाला तिकीट काढून द्यायचं ते मी मनात मोजू लागलो.

"उठ," मागून आवाज आला. मला ऑफिसात 'मालक' म्हणणारे अंकल त्या दिवशी पहिल्यांदा सरळ अरे-तुरे करत होते. "गाडी फिरव."

"कुठे?"

"त्या कातळाच्या आडोशाला. पाठ वाऱ्याला, दार कातळाकडे."

"अंकल, इथून अख्खी दरी दिसते. लोक त्यासाठीच येणार."

"झोपल्यावर दरी दिसत नाही. वारा मात्र लागतो. यल्ला, चल."

मी गाडी फिरवली. का, ते सांगता येत नाही. तो माणूस तिथे वेगळाच दिसत होता. गाल्यात कायम अंग चोरून बसणारा म्हातारा छाती काढून उभा होता. इतकी वर्षं ज्या शत्रूबद्दल तो ओरडत होता तो अखेर सगळ्यांना दिसला होता, आणि शत्रू कुठून येतो हे माहीत असलेला तिथे तो एकटाच.

गाडीच्या खालून वारा वाहत होता. त्यांनी चारी बाजूंनी ताडपत्री सोडायला लावली, तिच्या कडेवर दगड. ड्रायव्हर दगड आणत होता, मी रचत होतो. आत तळावर पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर गोणपाट. "आता लोकर पाहिजे," म्हणाले आणि मला हाताला धरून रस्त्याच्या कडेला नेलं. तिथे डोंगरातला एक म्हातारा विणकर लाल-काळ्या पट्ट्यांच्या जाड सतरंज्या पसरून बसला होता. मेंढीची लोकर, बकरीचे केस. त्यानं भाव सांगितला. मी सवयीनं हसून पाठ फिरवली, दोन पावलं चाललो.

"परत ये," अंकल म्हणाले.

"भाव उतरू दे."

"त्याच्या आधी सूर्य उतरेल."

मी डोंगराकडे बघितलं. खरंच, कडेला टेकला होता. त्यानं सांगितला तोच भाव मी दिला. आयुष्यात पहिल्यांदा. विणकरालाही ते विचित्र वाटलं असणार, कारण त्यानं गोंधळून एक छोटी सतरंजी वरून फुकट टाकली.

खाली सतरंज्या, भिंतींना सतरंज्या, खिडक्यांना गोधड्या. पाण्याचे पाइप रिकामे करून टाकले, नाहीतर सकाळी पाइपात बर्फ. मग त्यांनी उदबत्ती पेटवली आणि गाल्यातल्यासारखेच आतून फिरू लागले. धूर दाराशी वाकला, तिथे मफलर गेला. पलंगाखाली वाकला, तिथे कापूस. छतावरची झडप मी बंद करायला गेलो तर हातावर फटका बसला. "ती बोटभर उघडी राहणार. आतल्या माणसांचा श्वास कुठे जाईल? सकाळी छतातून टपकेल."

"आत्ता तर म्हणालात भोकं बुजवायची!"

"श्वासाचं भोक वेगळं, वाऱ्याचं वेगळं. कायम घाई तुझी."

पाणी तापवायला बाहेर शेगडी लावली, तर थंडीनं गॅसच मरगळला. ज्योत नुसती निळी टिकली. अंकलनी गॅसचं नळकांडं काढलं आणि सरळ स्वेटरच्या आत, पोटाशी धरलं. थोड्या वेळानं परत लावलं, ज्योत फणफणून उठली. दोन नळकांडी आळीपाळीनं पोटाशी धरून त्या माणसानं पाणी तापवलं, रबरी पिशव्या भरल्या आणि गादीत, पायाशी, उशाशी पेरून ठेवल्या.

तेवढ्यात अर्बाबची गाडी आली. आई, नात आणि दोन पुतणे, मागच्या गाडीत तंबू घेऊन नोकरमाणसं. म्हातारी आधी काचेच्या गाडीत गेली. लांबून झुंबर झगमगलं. मग विझलं. मग परत लागलं. जुन्या मालकानं जनरेटरवर हीटर जोडला होता. हीटर लावला की दिवे जायचे, दिवे लावले की हीटर बंद पडायचा. म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि आमच्या दाराशी आली.

तिच्या नोकरानं निखाऱ्यांची शेगडी आत न्यायला घेतली. अंकल दारात आडवे झाले. "ला, ला! बंद डब्यात निखारा म्हणजे झोपेतच खलास!" अर्बाब चपापला. मी मनात म्हटलं, आता गिऱ्हाईकपण गेलं. पण म्हातारीनं नातवंडाला दटावावं तसं नोकराला दटावलं आणि शेगडी बाहेर ठेवायला लावली.

ती आत आली. चप्पल काढून सतरंजीवर पाय ठेवला. मग वाकून तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. कोपऱ्यात अंकलची उदबत्ती संपत आली होती, धूर दोरीसारखा सरळ वर चालला होता. तिनं धुराकडे बघितलं, विणकराच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, मग माकडटोपीकडे बघितलं.

"मा फी बर्द," ती म्हणाली. थंडी नाही. आणि अंकलकडे बोट दाखवून मुलाला विचारलं, "हा जबली आहे का?" जबली म्हणजे पहाडी माणूस.

"नो मॅडम," अंकल टोपीला हात लावून म्हणाले, "वसई."

त्या गाड्या आजही डोंगरावर उभ्या असतात. बाकीच्या सगळ्यांच्या तळाला फोम आहे, दार नव्यानं काढून नीट बसवलं आहे. माझ्या वर्कशॉपचं नाव बाजूला हातभर अक्षरांत रंगवलेलं आहे. ते कुणी वाचत नाही. अर्बाब, त्याचे ड्रायव्हर, खालचा पेट्रोलपंपवाला, सगळे त्यांना 'जबली' म्हणतात. "आज किती जबली वर गेल्या?" पत्रा माझा, वेल्डिंग माझं, टायर माझे, आणि नाव माकडटोपीचं. याबद्दल मी अंकलना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "रिमोटवर सूर्य कुणाचा होता, तेही लिहू का बाजूला?"

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

म्हातारी आणि नात गाडीत झोपल्या. अर्बाब पुढच्या भागात. ड्रायव्हर त्यांच्या माणसांच्या तंबूत गेला. आम्ही दोघं पिकअपच्या केबिनमध्ये, उरलेले पुठ्ठे, उरलेल्या गोधड्या आणि फुकटची छोटी सतरंजी घेऊन. काच अर्थातच बंद, अंकलच्या हिशेबानं बोटभर सोडून.

उजाडलं तेव्हा बाहेर दगडांवर पांढरा मुलामा होता. काचेवर टकटक झाली. बघतो तर जुना मालक. अंगावर कोट, कोटावर त्याच्याच गाडीचा मखमली पडदा, दात वाजतायत. त्याच्या काचेच्या महालात झोपायला गेलेले दोन्ही पुतणे कधीच अर्बाबच्या लँड क्रूझरमध्ये इंजिन चालू करून झोपले होते आणि तिथे याला जागा नव्हती.

मी काच खाली केली नाही. अंकलनी आपल्या बाजूचं दार उघडलं आणि त्याला आत घ्यायला खाली उतरले. "सरक," मला म्हणाले. तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला. थरथर सीटमधून मला जाणवत होती. आणि मग अंकलनी एक गोष्ट केली. मफलर नव्हताच, टोपी काढली, मग स्वेटर काढला आणि त्याच्या अंगात चढवला. माझ्या वैऱ्याच्या. मी इतकी वर्षं त्यांना आणलं-नेलं, मला कधी त्या स्वेटरला बोट लावू दिलं नव्हतं.

"डोकं चांगलं लावलं तुम्ही," जुना मालक कसाबसा अंकलना म्हणाला.

"मी नाही," अंकल म्हणाले. "मी टाइप करतो. गाडी यानं बनवली."

हे त्यांनी एकदाच म्हटलं, परत आयुष्यात नाही. पण ज्याच्यासमोर म्हणायचं त्याच्यासमोर म्हटलं.

मोटरहोमचं दार उघडलं. अर्बाब बाहेर आला, तोंडातून वाफ सोडत, आणि त्याच्यामागे पायरीवर म्हातारी, काठी हातात न घेता. तिनं डोंगराकडे बघितलं, मग आमच्याकडे बघून हात उंच केला. अर्बाब लांबूनच ओरडला, "सब तुम्हारा! सब! मेरी माँ बोलती है, और एक रात रहेगी!"

मी हॉर्नवर तळहात ठेवला आणि दाबला. लांब. समोरच्या दरीत आवाज गेला, पलीकडच्या कड्यावर आपटला आणि परत आला, मग आणखी खालून एकदा आला. शेजारी जुना मालक स्वेटरमध्ये बसून सगळं ऐकत होता. हलायला जागाच नव्हती त्याला.

"पुरे हॉर्न," अंकल म्हणाले. नुसत्या शर्टावर बसले होते, कपाळावर चक्क घाम. बाहेर दगड गोठले होते. "ती काच जरा खाली कर, मालक. उकडतंय."